मोटरसायकलला कोणतं कुलूप लावू? (तातडीची मदत हवी आहे)

रात्रपाळी
काल रात्री कोणीतरी गाडीचं हँडल लॉक तोडलं. सकाळी बघतो तर हँडल सरळ आणि गाडी हातभर पुढे. बहुतेक चाहूल लागून पळाले. आज रात्रीच्या आत काहीतरी करायचंय. कुलूप कोणतं चांगलं, एवढंच सांगा. 'आत लाव' म्हणू नका, आत जागा नाही.

किक_मारा
डिस्क लॉक, म्हणजे ब्रेकच्या चकतीला (डिस्कला) लावायचं कुलूप. विषय संपला. अलार्मवालं घ्या, धक्का लागला की बोंबलतं. सोबत येणारी वेटोळ्याची तार हँडलला अडकवा, नाहीतर घाईत कुलूप विसरून गाडी काढाल आणि जागच्या जागी आडवे व्हाल. मी झालोय.

निवृत्त_यंत्रज्ञ
गाडी कोणती? लावता कुठे? आजूबाजूला काय आहे? डॉक्टरला फोनवर 'दुखतंय' एवढंच सांगून गोळी मागण्यासारखं झालं हे.
किक_मारा, डिस्क लॉकने चाक फिरायचं थांबतं, गाडी उचलायची थांबत नाही. दोघंतिघं असले की टेम्पोत घालून नेतात.

सावध_गडी
जाड साखळी आणि पक्का खांब. साखळी मागच्या चाकातून आणि फ्रेममधून ओवा. नुसती पुढच्या चाकाला बांधलीत तर एक्सल काढतील. चाक तुमचं, गाडी त्यांची. आणि जमिनीवर लोळू देऊ नका. कटरचा एक दांडा जमिनीला टेकवून दुसऱ्यावर सगळं वजन टाकता येतं. पाणी दिलेल्या पोलादाची 16 मिमीची कडी असेल तर हातकटर सहसा हरतो.

किक_मारा
लोखंड कापायच्या ग्राइंडरपुढे काय करणार तुमची 16 मिमी? आणि ते ओझं रोज वाहणार कोण?

सावध_गडी
वाहतो कशाला, खांबालाच असते. ग्राइंडर तुमचं डिस्क लॉकही कापतो. पण आवाज होतो, ठिणग्या उडतात, वेळ जातो.

हेल्मेट_गेलं
माझं हेल्मेट गेलं गेल्या आठवड्यात. गाडीच्या हुकाला होतं, पट्टा ब्लेडने कापला. तुटक्या पट्ट्याचं हेल्मेट घेऊन तो काय करणार?

निवृत्त_यंत्रज्ञ
वेगळा धागा काढा हो.

लपंडाव
जीपीएस ट्रॅकर बसवा, कुलूपबिलूप विसरा.

सावध_गडी
म्हणजे गाडी जाताना फोनवर बघत बसायचं? शिवाय काही आठवडे उभी राहिली की ट्रॅकर बॅटरी पिऊन टाकतो.

रात्रपाळी
अहो थांबा. माझ्या गाडीला डिस्कच नाही, दोन्हीकडे ड्रम ब्रेक. जुनी गाडी आहे, कार्ब्युरेटरवाली. आणि घरी नाही, कामाच्या ठिकाणी फाटकाबाहेर लावतो, रात्री 10 ते सकाळी 6.

किक_मारा
हे आधी सांगायला काय झालं होतं?

निवृत्त_यंत्रज्ञ
आता ऐका. ज्यांनी काल प्रयत्न केला ते परत येऊ शकतात, म्हणून आज त्याच जागी लावू नका. पहारेकऱ्याला दिसेल अशी, दिव्याखाली लावा. मोडलेलं हँडल लॉक बदला. इग्निशनच्या वायरीत एक स्विच घालून सीटखाली लपवून घ्या, कोणताही वायरमन करून देईल. पेट्रोलचा कॉक बंद करायची सवय ठेवा. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी थोडीच जाते. सराईत चोर कॉक बघतोच, पण सगळे सराईत नसतात. अर्थात, उचलून नेली तर यातलं काहीच कामाचं नाही. तिथे साखळीच हवी, हे सावध_गडींचं बरोबर.

रात्रपाळी
साखळी घेतो. फाटकाशेजारी लोखंडी खांब आहे, काँक्रीटमध्ये पुरलेला.

सावध_गडी
उंच किती? वरून बंद आहे का?

रात्रपाळी
कमरेएवढा. वर काही नाही.

सावध_गडी
मग साखळी वरून काढतील आणि खांब तुम्हाला ठेवतील. फाटकाची जी मुख्य चौकट असते, ती बघा. झुलणाऱ्या दाराला बांधू नका.

रात्रपाळी
चौकट जाड आहे. पण तिथे लावली तर ट्रक आत वळत नाही. पहारेकऱ्याशी बोलून बघतो.

हेल्मेट_गेलं
हेल्मेटसाठी पण साखळी मिळते का?