घराच्या सोप्यात भजन मुद्रित केले, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटतो

टाळकरी, जांबोटी भाग (ता. खानापूर):

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या भजनी मंडळात माझे काका गेली चाळीस वर्षे पेटी (हार्मोनियम) वाजवत गातात. त्यांचा गळा शाबूत आहे तोवर दहा-बारा अभंग घरीच, पण नीट, मुद्रित करून ठेवावेत अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. गेल्या महिन्यात यूएसबीचा एक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा) माईक आणून सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, मधोमध ठेवला आणि सगळ्यांना भोवती बसवले. नंतर ऐकले तेव्हा काका विहिरीत बसून गात असल्यासारखे वाटले, पखवाज घुमत राहिला, टाळांनी बाकीचे सारे झाकून टाकले आणि या सगळ्यामागे एक बारीक ‘हूं’ अखंड ऐकू येत होता. सोपा दहा फूट लांब, दहा फूट रुंद, खाली लाद्या, वर स्लॅब. माझ्याजवळ लॅपटॉप आहे आणि आणखी १५,००० रुपयांपर्यंत खर्च करता येईल. दुकानदार याहून भारी माईक घ्या म्हणतात. तो घ्यावा का?

पेटीवादक, शहापूर (बेळगाव):

इतक्यात घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण आपण सांगितलेल्या चार दोषांपैकी एकही माईक बदलून जाणारा नाही. भारी माईक तीच खोली अधिक बारकाईने ऐकवील, एवढाच काय तो फरक.

सोप्याच्या मधोमध उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवून पाहा. टाळीमागून पत्र्यासारखी झणझण ऐकू आली, तर तीच काकांच्या प्रत्येक शब्दाला चिकटली आहे असे समजा. पखवाजाच्या घुमण्याचे कारण मात्र वेगळे आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फुटांचे अंतर असले की साधारण ५६ हर्ट्झचा (सेकंदाला ५६ कंपनांचा) खर्ज आणि त्याच्या दुपटी-तिपटीचे स्वर त्या भिंतींमध्ये अडकून फुगतात. त्यातून आपली खोली लांबी-रुंदीला सारखी असल्यामुळे दोन्ही बाजूंनी तेच स्वर फुगतात आणि पखवाजाचे डावे तोंड नेमके त्याच भागात बोलते. माईक खोलीच्या अगदी मध्यावर असणे हेही विहिरीसारख्या आवाजाचे एक कारण असू शकते, म्हणून तो कोणत्याही दोन भिंतींपासून सारख्या अंतरावर ठेवू नये.

आपल्याकडच्या जुन्या घरांत भाताची पोती, अंथरुणे आणि कपड्यांच्या दोऱ्या असलेले माजघर असते. सोपा सोडून तिकडे बसा. पोती आणि गाद्या आवाज शोषतात, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही. गाणाऱ्याच्या पाठीमागे दोन जाड वाकळी टांगा. त्या भिंतीला चिकटवण्यापेक्षा वीतभर पुढे टांगल्यास जास्त उपयोग होतो. खाली सतरंजी हवीच. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावण्याचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्यावा. तो पातळ पुठ्ठा वरचा थोडा चुरचुरीतपणा तेवढा कमी करतो आणि खर्जाला हातही लावत नाही.

आता बसण्याची रचना पाहू. १९०२ साली कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग यांनी गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले तेव्हा माईक नव्हताच, धातूचा कर्णा होता, आणि १९२५ च्या सुमारास विजेवरचे ध्वनिमुद्रण येईपर्यंत कोणाचा आवाज मोठा आणि कोणाचा लहान हे कर्ण्यापासून कोणाला किती दूर बसवायचे यावरच ठरत असे. एकाच माईकवर काम करताना आपल्यालाही तेच करायचे आहे. माईक काकांच्या तोंडापासून एक वीत ते दीड वीत अंतरावर, ओठांच्या रेषेपेक्षा किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘पांडुरंग’मधल्या ‘प’चा फटका थेट बसणार नाही. पेटी त्याच्या खाली राहील. ती जास्त ऐकू आली तर माईक थोडा वर घेऊन तोंडाकडे कलवा, कमी ऐकू आली तर उलट करा. माईक कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) असेल, तर त्याच्या पाठीकडून सर्वांत कमी ऐकू येते, म्हणून पखवाज त्या पाठीच्या दिशेला पाच-सहा फुटांवर असावा. दोन्ही टाळकऱ्यांना (आपण स्वतः त्यांपैकी असाल तर क्षमा असावी) शेजारच्या खोलीच्या उंबऱ्यात उभे करा. टाळ तिथूनही पुरेसे येतात.

गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) लावताना काकांना सर्वांत वरच्या पट्टीतली ओळ पूर्ण ताकदीने गायला सांगा आणि पडद्यावरची पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहा. मुद्रण २४ बिटवर असेल, तर आवाज आणखी वर चढवण्याची घाई करण्याचे कारण नाही. फाईल वेव्हमध्येच (आवाज न आवळणाऱ्या प्रकारात) ठेवा. एमपी-थ्री सगळे झाल्यावर, पाठवण्यापुरती करावी. ऑडॅसिटी हा मोफत प्रोग्रॅम या कामाला पुरेसा आहे.

वायरमन, निपाणी:

त्या ‘हूं’बद्दल थोडे सांगतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अशी घुरघुर ५० किंवा १०० हर्ट्झवर बसते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक मिनिट मुद्रित करा. घुरघुर गेली तर दोष चार्जरमध्ये किंवा घराच्या अर्थिंगमध्ये आहे. मात्र तो आवाज घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कोणी तोडू नये, मी असे प्रकार पाहिले आहेत आणि ते जिवावर बेतू शकतात. पंखा, फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद ठेवावेत. काम झाल्यावर फ्रिज आठवणीने सुरू करावा, नाहीतर घरच्यांची बोलणी खावी लागतात.

स्वरसंग्राहक, चिकोडी:

मी कन्नड वचने आणि मराठी अभंग दोन्ही घरी मुद्रित करतो. शहापूरकरांची मांडणी मला मान्य आहे, पण एका माईकवर पखवाज चुकला की नंतर तो कमी-जास्त करता येत नाही, आणि वयस्कर गायकाला पुन्हा पुन्हा गायला लावणे मला तरी बरे वाटत नाही. हातात पैसे आहेत तर माईकच्या दोन जागा असलेला इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारे यंत्र) आणि पखवाजासाठी एक साधा डायनॅमिक (मोठा आवाज सहज पेलणारा) माईक यांचा विचार व्हावा. फोकसराईटच्या स्कार्लेट सोलोला माईकची एकच जागा आहे, टू-आय-टूला दोन आहेत. बेरिंजरच्या यूएमसी-२०२एचडीलाही दोन आहेत. हे घेताना एक लक्षात ठेवावे की आपला यूएसबी माईक इंटरफेसला जोडता येणार नाही, त्यामुळे गळ्यासाठी एक्सएलआरचा (तीन पिनांच्या जोडणीचा) माईकही घ्यावा लागेल, आणि तो कंडेन्सर असेल तर इंटरफेसवरचे, माईकला वीज देणारे ४८ व्होल्टचे बटण दाबावे लागेल. दोन यूएसबी माईक एकदम जोडण्याच्या फंदात पडू नये. दोघांची आतली घड्याळे वेगळी चालतात आणि लांबलचक अभंगात ताल हळूहळू सरकतो. दोन माईकमधले अंतर प्रत्येकाच्या आपापल्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट असावे, नाहीतर एकच आवाज दोन्हीकडे पुढे-मागे पोहोचतो आणि एकत्र ऐकताना पोकळ होतो.

टाळकरी, जांबोटी भाग:

काल पहाटे चार वाजता माजघरात बसलो. पावसाळा संपल्यामुळे कौलांवरची ताडताड नव्हती, हे नशीब. घुरघुर चार्जर काढताच गेली. मी टाळ घेऊन उंबऱ्याच्याही पलीकडे उभा होतो आणि ऐकताना टाळ नेमके हवे तेवढेच आले आहेत. काकांनी स्वतःचा आवाज ऐकला, डोळे मिटले आणि ‘तिसऱ्या कडव्यात मी बेसूर झालोय’ एवढेच म्हणाले. इंटरफेस तूर्त घेत नाही. दोन अडचणी उरल्या आहेत: पेटीच्या भात्याची फटफट मंद ओळींत ऐकू येते, आणि तिसऱ्या अभंगापर्यंत पखवाजाचा आवाज बदललेला वाटतो.

पेटीवादक, शहापूर:

दुसरी अडचण कणकेची आहे. पखवाजाच्या डाव्या तोंडावर लावलेली कणीक वाळत गेली की आवाज चढतो. प्रत्येक अभंगाआधी पाण्याचा हात लावून, पेटीच्या षड्जाशी जुळवूनच सुरुवात करावी. भात्यासाठी काकांना भाता पूर्ण उघडून आपटण्याऐवजी अर्धाच, पण सतत हलवायला सांगा. तरीही फटफट राहिली, तर पेटी उघडून भात्याच्या पडदीचे चामडे पाहा. ते कडक झाले असेल तर बदलावे लागेल, आणि मिरजेला हे काम करणारे कारागीर आहेत.