केअर सेंटरमध्ये आईची आबाळ होते आहे असं वाटतंय. तक्रार केली तर राग तिच्यावर निघेल का? मदत हवी आहे

कोरांटी

नमस्कार. लिहू की नको असं आठ दिवस चाललं होतं.

आई ७८ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. बोलणं जड झालंय, विसरायलाही होतं, पण माणसं ओळखते. मी ठाण्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. भाऊ परदेशात. घरी ठेवलेल्या बायका टिकल्या नाहीत, म्हणून दिवाळीनंतर पुण्याबाहेरच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. महिना ३२,०००, डायपर आणि औषधं वेगळी. सेंटरचं नाव मुद्दामच लिहीत नाही.

दर दुसऱ्या रविवारी जाते. भेटीची वेळ चार ते पाच. गेले की आई न्हाऊमाखू घालून, पावडर लावून खुर्चीत बसवलेली असते. त्यामुळे मलाही बरं वाटायचं.

गेल्या रविवारी ती खुर्चीत नव्हती, झोपून होती. कॉटच्या डाव्या हाताला टेबल, त्यावर पाण्याचा पेला, झाकण घातलेला, काठोकाठ भरलेला. तिचा डावा हात हलत नाही. पेला दिसतो, पण हाताला येत नाही. मी पाजलं तर लागोपाठ तीन पेले प्यायली. रात्री पाणी देत नाहीत का, असं विचारलं. दाराकडे बघून हळूच म्हणाली, "दिलं की बदलावं लागतं ना."

उजव्या मनगटावर काळपट वळ आहे, बांगडीसारखा गोल. मावशी म्हणाल्या, "आजी सलाइन ओढतात, म्हणून जरा बांधलं होतं." सलाइन कधी लावलं, कशासाठी, हे मला कोणी कळवलं नाही. तिची वेणीही कापली आहे. उवा झाल्या होत्या म्हणे.

मॅनेजरांशी बोलले. ते शांतपणे म्हणाले, "आजी खूप त्रास देतात, तरी आम्ही सांभाळतो. पटत नसेल तर नेऊ शकता." तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर मावशीच फोन धरून बसतात आणि आई फक्त "बरी आहे" म्हणते.

भाऊ म्हणतो, वाद घालू नकोस, दुसरीकडे कुठे ठेवणार? मलाही तीच भीती आहे. मी रविवारी तासभर असते, उरलेला वेळ ती त्यांच्या हातात आहे. मी उगाच संशय घेते आहे का? नसेन तर आधी काय करू?

रात्रपाळी

ताई, मी हॉस्पिटलमध्ये एकोणीस वर्षं सिस्टर आहे. तुम्ही उगाच संशय घेत नाही.

वळाबद्दल आधी एक विचारते. आईंना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? पॅरालिसिसनंतर बऱ्याचदा असते, आणि मग नुसतं धरलं तरी काळंनिळं होतं. पण ते डाग वेडेवाकडे असतात. मनगटाभोवती गोल वळ बांधल्याचाच असतो, आणि तो त्यांनी कबूलही केलाय. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांचे ठसे आहेत का, तेही बघा.

पुढच्या वेळी आईंचे कपडे तुम्ही स्वतः बदला. "मावशी, आज मी करते" एवढंच म्हणायचं. कुशीवर वळवून माकडहाड, कंबरेची हाडं आणि टाचा बघा. कातडी लाल असेल तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. दाबूनही लालच राहिली तर ती बेडसोअरची सुरुवात आहे. झोपून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची असते, त्याची नोंदवही मागा. सगळ्या वेळा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या दिसल्या तर काय ते समजा.

जीभ कोरडी, लघवी गडद, अंगावर झापड हेही बघा. चालू गोळ्यांचा कागद मागून त्याचा फोटो काढा आणि यात झोपेची गोळी आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. रात्र शांत जावी म्हणून अशी गोळी देतात, हे मी पाहिलं आहे.

आणि आईंच्या बोलण्यात गोंधळ झाला तरी ते सोडून देऊ नका. विसरणारं माणूस वार चुकवेल, नाव चुकवेल. तहान चुकवत नाही.

चिंचबन

माझे वडील अशाच ठिकाणी होते. मी सात महिने गप्प बसलो, तुमच्याच भीतीने. अनुभवावरून सांगतो, गप्प बसल्याने ते सुरक्षित राहिले नाहीत. ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही त्यांचेच जास्त हाल होतात. विचारणारं माणूस आहे हे दिसलं की हात जरा आवरतात.

बुधवारी सकाळी अकराला, न सांगता जा. जेवणाच्या वेळेलाही जा. रात्रपाळीला किती पेशंटमागे किती मावशी असतात हे मॅनेजरांना नाही, मावशींनाच विचारा. आमच्याकडे सतरा जणांमागे एक बाई होती. ती वाईट नव्हती, तिला शक्यच नव्हतं. पण वडिलांच्या पाठीला त्याने काय फरक पडतो?

दुसरी जागा ठरेपर्यंत भांडण काढू नका. तारीख, वेळ, काय दिसलं, कोण काय म्हणालं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

काळाकोट

वकील आहे, म्हणून थोडं कायद्याचं सांगते.

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आणि प्रांताधिकाऱ्यांकडचं न्यायाधिकरण हा मार्ग मुख्यतः मुलं सांभाळत नाहीत तेव्हाचा आहे. तुमचं तसं नाही. इथे पैसे घेऊन सेवा द्यायची होती आणि ती दिली नाही, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. मुदत दोन वर्षांची. पावत्या, प्रवेशाच्या वेळचा करारनामा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं, काहीही डिलीट करू नका.

मारहाण किंवा बांधून ठेवणं झालं असेल तर पोलीस. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ मध्ये असहाय माणसाची देखभाल करायचं कायदेशीर करारानं स्वीकारून ती न करणं हा गुन्हाच आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षा थोडी वाटेल, पण लेखी तक्रारीत कलम दिसलं की उत्तराचा सूर बदलतो.

आईंना बाहेरच्या डॉक्टरांकडे नेलंत तर जखमांची एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी नोंद) म्हणून नोंद करा, असं स्पष्ट सांगा. मोबाइलवरच्या फोटोपेक्षा ती नोंद पुढे फार उपयोगी पडते.

ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ. जिवाला धोका वाटला तर थेट ११२.

कोरांटी

सगळ्यांचे आभार. काल, बुधवारी, सव्वाअकराला गेले. आधी दार उघडत नव्हते, "वेळ नाही" म्हणाले. मी पायरीवर बसून राहिले. वीस मिनिटांनी आत घेतलं.

सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं मी कपडे बदलते म्हटलं. डायपर रात्रीचा होता. माकडहाडावर रुपयाएवढी जागा, कातडी गेलेली. वळवताना आईने उजव्या हाताने माझा कुर्ता मुठीत धरला तो सोडेना.

मग मी कुणाला विचारलं नाही. रुग्णवाहिका बोलावून हॉस्पिटलला नेलं. अंगात पाणी कमी आहे, लघवीत इन्फेक्शन आहे. मनगटाची आणि जखमेची एमएलसी झाली. भाऊ फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, तिकीट काढतो.

आता एकच विचारायचं आहे. आईच्या शेजारच्या कॉटवर एक आजी आहेत. चार महिन्यांत त्यांच्याकडे कोणी आलेलं मी पाहिलं नाही. निघताना त्यांनी मला पेला दाखवला. त्यांचाही टेबलावरच होता, लांब. मी पाजून आले. त्यांच्या घरच्यांचा नंबर सेंटर मला देणार नाही. मी त्यांची कोणीच नाही. मला त्यांच्यासाठी तक्रार करता येईल का?

काळाकोट

येईल. १४५६७ वर फोन करायला नातं लागत नाही. आजच करा, आठच्या आत. सेंटरचा पत्ता, खोली, कॉट आणि तुम्ही काल डोळ्यांनी जे पाहिलं तेवढंच सांगा. पोलिसांना आईची तक्रार देताना त्याच अर्जात या आजींचा वेगळा परिच्छेद लिहा आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जाचा मसुदा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रात्री बघून देते.