मंडळीत दोन गट पडलेत, मध्यस्थ कोणाला बसवावं?

भायखळ्याची सून
आमची मंडळी, म्हणजे चर्च, भायखळ्याजवळची, बरीच जुनी. निम्मी कुटुंबं आता कल्याण, अंबरनाथ, विरारला राहतात, पण बाप्तिस्मे, लग्नं, मयत सगळं इथंच. पंचांनी मराठी उपासना साडेनऊवरून आठला आणली, म्हणजे त्यानंतर हॉल भाड्याने देता येतो. लांबून येणाऱ्यांनी पहाटे उठून लेकराबाळांसकट निघायचं का, यावरून सुरुवात झाली. मग वार्षिक सभा दुपारी बाराला ठेवली आणि नेमका त्या रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक. कल्याणकडची माणसं पोचेपर्यंत नवे पंच निवडून झाले होते.

आता उपासनेत उजवीकडचे बाक एका गटाचे, डावीकडचे दुसऱ्याचे. प्रभुभोजनाच्या रविवारी काही जण येतच नाहीत. माझ्या सासूबाई आणि त्यांची सख्खी बहीण एकमेकींशी बोलत नाहीत, हे मला रोज घरात दिसतं. पाळकसाहेब म्हणतात मी मिटवतो, पण लांबच्यांना ते पंचांचे वाटतात. एक गट वकिलाच्या फीसाठी पैसे जमवतोय. कोर्टाआधी मध्यस्थी करता येईल का? आणि बसवायचं कोणाला?

वरळी नाका
आधी कायद्याचं. मंडळीचा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 खाली नोंदलेला असेल आणि पंच हेच विश्वस्त असतील, तर नव्या निवडीचा चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. ज्यांची हरकत आहे त्यांनी ती तिथे वेळेत नोंदवावी. मध्यस्थी चालू आहे म्हणून ते राहू देऊ नका. हरकत नोंदवूनही बोलणी करता येतात, उलट मग दोन्ही बाजू जरा गांभीर्याने बसतात.

2023च्या मध्यस्थी कायद्यात वस्तीतल्या, समाजातल्या वादांसाठी वेगळं प्रकरण आहे. त्यात तीन मध्यस्थ आणि दोन्ही बाजूंची आधी संमती, असं आहे. पण त्यातला समझोता दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावून घेता येत नाही. तो टिकतो माणसांनी पाळला तर.

परळचे काका
सूनबाई, मी गिरणीच्या युनियनमध्ये वाढलो, नंतर चाळ कमिटीत होतो, आणि एका उपनगरातल्या मंडळीचं भांडण मिटवायला बसलो होतो. त्या अनुभवावर लिहितो.

पाळकसाहेबांना मध्यस्थ करू नका. माणूस वाईट म्हणून नाही. दोन्ही गटांच्या घरी मयत झाली तर उद्या त्यांनाच जायचंय. त्यांनी प्रार्थना करावी, दोघांनाही भेटत राहावं, पण निवाड्याच्या खुर्चीत बसू नये.

आमच्याकडे वाद गाण्यांचा होता. म्हातारी माणसं म्हणत पेटी-तबल्यावरची भजनं हवीत, तरुण संघाला गिटार आणि ड्रम. एकत्र सभा घेतली असती तर तासभर तेच ऐकलं असतं. आम्ही आधी एकेका घरी गेलो. अंबरनाथच्या एका आजींनी गाण्याचा विषयच काढला नाही. कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि वर्गणीच्या पावत्या वर्षावार पलंगावर मांडल्या. काही पावत्यांवरची शाई उडालेली होती. नवरा संपावर असतानाच्याही पावत्या होत्या. आणि त्यांचं नाव मतदार यादीतून काढलं होतं, "आता तुम्ही बाहेरच्या" म्हणून. बरोबर आलेला खजिनदार पोरगा खाली बसून एकेक पावती वाचायला लागला. तो तरुण संघाचा, म्हणजे विरुद्ध गटाचा. परत येताना गाडीत तोच म्हणाला, काका, यादीचं आधी बघू. यादी दुरुस्त झाल्यावर गाण्याचं दोन बैठकांत मिटलं.

तुमच्याकडेही आठ की साडेनऊ यावर बसू नका. लांब राहणारा सभासद पूर्ण सभासद आहे की नाही, हे आधी ठरवा.

वाद निघाला की बायबलातला मत्तय 18 सगळे काढतात: आधी एकट्याने जा, मग दोघांतिघांना ने, मग मंडळीला सांग. दोन भावांमध्ये ते ठीक. इथे एका बाजूकडे हॉलच्या किल्ल्या आणि रजिस्टर आहे, दुसरीकडे नुसती तक्रार. अशा वेळी मला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 6 जवळचा वाटतो. ग्रीक बोलणाऱ्यांची कुरकुर होती की रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. बारा प्रेषितांनी स्वतः न्याय करत न बसता लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितलं. स्तेफन, फिलिप्प, नीकलाव... सातही नावं ग्रीक. ज्यांची कुरकुर होती त्यांचा भरवसा बसेल अशांच्या हाती काम गेलं. म्हणून मध्यस्थांची नावं आधी कल्याणकडच्यांनी सुचवावीत, पंचांनी त्यातून निवडावीत. दुसऱ्या मंडळीतली दोघं घ्या, त्यात एक बाई असू दे. बायकांनी घरात जे सांगितलं ते पुरुषांच्या बैठकीत कधीच आलं नसतं.

मालाडची ताई
काकांचं पटलं, पण एक सांगते. हॉलचं भाडं कुठे गेलं असा प्रश्न असेल तर तो मध्यस्थीत टाकू नका. पावतीपुस्तक आणि बँकेचं पासबुक ऑडिटरसमोर ठेवा. आणि कुठल्याही मंडळीत लहान मुलाशी गैरवर्तनाची तक्रार आली तर "आपसात मिटवू" हा शब्दही काढू नये. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 खाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शांतीच्या नावाखाली गप्प बसवलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून कळकळीने लिहिते.

भायखळ्याची सून
ताई, पैशांची शंका नाही, पण भाड्याचा हिशेब फलकावर लावा असं पंचांना सांगते. काका, पंच म्हणाले की बाहेरची माणसं आमच्या घरात का, तर?

परळचे काका
तर त्यांना विचारा, उद्या वरळीच्या धर्मादाय कार्यालयात निवाड्याला जे बसतील ते घरातले असतील का? आणि पहिली बैठक भायखळ्यात नको. कल्याणला कोणाच्या तरी घरी ठेवा, रविवारी दुपारी. पंचांनाही तो प्रवास करू दे. निघायच्या आधी ब्लॉक आहे का तेवढं बघा.