लेखात व्याख्या आधी का उदाहरण आधी? (विषय: दुष्काळ)

गोदाकाठ
गावच्या अंकासाठी लेख गोळा करायलोय. पाणी अन् शेती यावरच जास्त आलेत. वाचताना सारखं एकच खटकायलंय, सगळे दुष्काळ दुष्काळ लिहायलेत पण दुष्काळ म्हणजे काय ते कोणीच सांगत नाही. एकाचा दुष्काळ म्हणजे पाऊस कमी, दुसऱ्याचा म्हणजे पीक गेलं, तिसऱ्याचा म्हणजे टँकर सुरू झाले. मग वाचणारे भांडतात अन् प्रत्येकजण वेगळ्याच गोष्टीवर भांडत असतो.

माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या परिच्छेदातच व्याख्या द्या. अन् ती तपासायची रीत आपल्या जुन्या न्यायशास्त्रात (कोर्टाचं नाही, तर्काचं शास्त्र) कधीचीच सांगून ठेवलेली आहे. शिंगं असतात ती गाय म्हणलं तर म्हैसही आत घुसते, ही अतिव्याप्ती. तांबडी ती गाय म्हणलं तर पांढरी बाहेर राहते, ही अव्याप्ती. एकच अखंड खूर असलेली म्हणलं तर एकही गाय सापडायची नाही, तो असंभव. गळ्याखाली कातड्याची पोळी लोंबते ती गाय, हे लक्षण म्हणजे ही व्याख्या टिकते. लिहिणाऱ्यानं एवढी मेहनत घ्यायलाच पाहिजे.

कोरडवाहू
नाही पटलं दादा. पहिल्याच ओळीत "दुष्काळ म्हणजे अशी अवस्था की ज्यामध्ये..." आलं की माझ्यासारखा माणूस पान उलटतो. आमच्याकडं म्हातारी माणसं 1972 च्या दुष्काळाला नुसतं "बहात्तर" म्हणतात, झालं. मदतीची सुकडी, मिलो ज्वारी, खडी फोडायची कामं, सगळं डोळ्यापुढं येतं. याच्याहून चांगली व्याख्या कोणची? लेकराला पाणी म्हणजे काय हे कोण व्याख्येनं शिकवतं, दाखवूनच शिकवतात ना.

गोदाकाठ
बहात्तरचंच घ्या की मग. तेव्हाची माणसं सांगतात की विहिरीत प्यायला पाणी होतं पण खायला दाणा नव्हता. अन् 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, दुकानात धान्य मात्र होतं. दोन्हीला आपण दुष्काळच म्हणतो. आता नुसती ही दोन उदाहरणं दिली तर वाचणाऱ्यानं काय उचलायचं, दाणा का पाणी? ते तुम्हालाच सांगावं लागंल, अन् सांगितलं की व्याख्या आलीच.

पर्जन्यमापक
तुम्ही दोघंही शब्दातच अडकलात. जिथं पैसे अन् मदत ठरते तिथं आकडाच पाहिजे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस म्हणजे 24 तासात 2.5 मिमी किंवा जास्त. मदतीसाठी अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात (काही गावांचा मिळून एक गट) 24 तासात 65 मिमीच्या वर. पैसेवारी (नेहमीचं पीक रुपया धरलं तर यंदाचं किती पैसे) 50 पैशाच्या आत आली की गाव टंचाईच्या यादीत, कैक वर्षं असंच चालत आलं. कसं मोजायचं ते सांगितलं की वाद मिटतो, ना साहित्य लागतं ना शास्त्र.

बांधावरची
ताई म्हणा का दादा म्हणा, वाद मिटत नाही हो, वाद तिथूनच सुरू होतो!! मापक मंडळाच्या गावाला, ढग फुटला आमच्या शिवारात. आमची माती वाहून गेली, सोयाबीन आडवं झालं, अन् मापकात 65 भरले नाहीत म्हणून आमच्याकडं अतिवृष्टी झालीच नाही म्हणे. गोदाकाठ दादा, तुमची अव्याप्ती ती हीच ना? आकड्याची व्याख्या मोजणाऱ्याच्या सोयीची असती, भोगणाऱ्याचं नुकसान तिच्यात मावतच नाही. लेख लिहिणाऱ्यानं ती उचलून आपली म्हणून वापरू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

पर्जन्यमापक
तुमचं दुःख खरं आहे ताई, पण तो मापक कमी असल्याचा दोष आहे, व्याख्येचा नाही. गावोगाव मापक बसवा ही मागणी तुम्ही करू शकता, ती 65 हा आकडा लिहून ठेवलाय म्हणूनच. नुसतं "लै पाऊस झाला" लिहिलं तर भांडणार कशावर?

जुनी पाटी
2025 च्या सप्टेंबरचं कोणीच बोलंना. बीड, धाराशिव, लातूर, सगळीकडं पुरानं शेतं खरवडून नेली, ओला दुष्काळ जाहीर करा म्हणून मागणी झाली, अन् सरकारनं सांगितलं की नियमावलीत ओला दुष्काळ अशी संज्ञाच नाही, पण दुष्काळाच्या सवलती लागू करू. आता शब्द फोडून बघा, दुः अन् काळ, वाईट काळ. त्यात पाऊस कमी असं कुठंय? मूळ अर्थानं ओला दुष्काळ शंभर टक्के दुष्काळच आहे.

गोदाकाठ
मागणीला माझा पाठिंबाच आहे पण ही वाट धरू नका गुरुजी. शब्द फोडून अर्थ काढायचा तर कुशल म्हणजे कुश नावाचं गवत तोडणारा अन् प्रवीण म्हणजे वीणा वाजवणारा. आज तसं कोण म्हणतं? व्युत्पत्तीतून शब्द कुठून निघाला ते कळतं, आज कुठं पोचलाय ते बोलणाऱ्यांकडूनच कळतं. अन् बोलणारी माणसं ओला दुष्काळ किती वर्षांपासून म्हणायलेत! तोच धागा धरा की, जास्त मजबूत आहे.

कोरडवाहू
बघा, आता तुम्हीच वापरावर आलात. माणसं काय म्हणतात ते आधी, तुमचं लक्षण मागून.

गोदाकाठ
वापर कच्चा माल आहे, मान्य. पण त्यातलं या लेखापुरतं मी काय घेतलं ते लिहिणाऱ्यानं सांगायचं का नाही? "या लेखात दुष्काळ म्हणजे हंगामाचं पीक हातचं जाणं, पाण्यानं असो का पाण्यावाचून." एवढं एक वाक्य. ते पटलं नाही तर वाचणारा भांडंल, पण निदान त्याच वाक्यावर भांडंल.

बांधावरची
यात वाहून गेलेली माती कुठं बसली? पीक पुढच्या साली येईल, माती येत नाही. ती घाला.

गोदाकाठ
बरोबर. "पीक किंवा जमीन हातची जाणं" असं करतो.

कोरडवाहू
माझा लेख सुकडीच्या रांगेपासूनच सुरू होणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

गोदाकाठ
होऊ द्या. दुसरं पान संपायच्या आत ते एक वाक्य नाही दिसलं तर लेख परत पाठवणार.