मदत हवी आहे: क्रोशाची ढगळ टोपी दर वेळी वाटीसारखी वळते

नमस्कार. क्रोशाची सुई हातात घेऊन दोनच महिने झालेत. साखळी, मुका खांब (बुटका टाका), खांब (उंच टाका) एवढं जमतं. एक सरळ मफलर पुरा केलाय. आता आईसाठी थंडीची टोपी करायची आहे, मागे जरा लोंबणारी, स्लाउची म्हणतात तशी. आईचे केस लांब आहेत, ती अंबाडा घालते. घट्ट टोपीत अंबाडा दाबला जातो, तासाभरात तिचं डोकं दुखायला लागतं, मग ती टोपी काढून ठेवते आणि कान गारठतात. म्हणून ही टोपी मला मनापासून करायची आहे.

एक छापील पॅटर्न मिळाला, वर ‘नवशिक्यांसाठी’ असं लिहिलेलं. मधोमध रिंग, तिच्यात ६ डबल क्रोशे, मग प्रत्येक फेरीत ६ टाके वाढवायचे: १२, १८, २४ असं पुढे. मी तेच केलं. दर फेरीला टाके मोजले, आकडा एकदाही चुकला नाही. तरी चौथ्या फेरीत कडा वर उचलायला लागते आणि सातव्या फेरीपर्यंत टोकदार वाटी तयार होते. तीनदा उसवलं. हात सैल ठेवून पाहिला, मोठी सुई घेऊन पाहिली, वाटी मोठी झाली एवढंच.

लोकर मध्यम जाडीची आहे, वेष्टनावर ४ हा आकडा, १०० ग्रॅमचे दोन गुंडे. सुया ५ आणि ६ मिमीच्या. उसवून उसवून लोकरीला केस सुटायला लागलेत, म्हणून चौथ्यांदा सुरू करण्याआधी विचारते. कुठे चुकतंय?

पहिला प्रतिसाद

मोजणी बरोबर दिसतेय, मला टाक्याच्या नावाबद्दल शंका आहे. तुम्ही डबल क्रोशे म्हणजे खांबच विणताय ना, सुईवर आधी एक वेढा घेऊन? आणि पॅटर्नमध्ये टाका सोडायचा असेल तिथे ‘स्किप’ लिहिलंय की ‘मिस’? सिंगल क्रोशे हा शब्द कुठे दिसतो का?

धागाकर्ती

हो, खांबच. ‘मिस’ लिहिलंय. सिंगल क्रोशे पूर्ण पानावर कुठेच नाही.

पहिला प्रतिसाद, पुढे

मग तो ब्रिटिश पद्धतीचा पॅटर्न आहे, त्यात ‘स्किप’ऐवजी ‘मिस’ लिहितात आणि सिंगल क्रोशे हा शब्दच नसतो. ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, म्हणजेच आपला मुका खांब. आपण ज्याला खांब म्हणतो त्याला अमेरिकन लोक डबल म्हणतात आणि ब्रिटिश ट्रेबल. तुम्ही मुक्या खांबाचा हिशोब घेऊन खांब विणलेत.

वाटी का होते ते समजून घ्या, म्हणजे पुढे कुठलाही पॅटर्न असला तरी अडणार नाही. टाका जितका उंच तितकी एका फेरीत चकती बाहेर सरकते आणि तितका परीघ वाढावा लागतो. चकती सपाट राहायला मुक्या खांबाला दर फेरीत ६ टाके वाढवणं पुरतं, अर्ध्या खांबाला (उंचीने मुका खांब आणि खांब यांच्या मधला टाका) साधारण ८ लागतात, खांबाला १२. वाढ कमी पडली की कडा आत ओढली जाते आणि वाटी होते, जास्त झाली की झालर पडते. तुम्ही १२ च्या जागी ६ वाढवत होतात. त्यात हाताचा काहीच दोष नाही.

तीच टोपी करायची तर खांबाने १२, २४, ३६ असं वाढवत जा. चकती साधारण २० सेंमी रुंद झाली की वाढवणं थांबवून सरळ विणत खाली या.

दुसरा प्रतिसाद

वरचं निदान अगदी बरोबर आहे, पण ताई, पहिल्या ढगळ टोपीला मी वरून खाली यायला सांगणार नाही. कपाळावरची पट्टी शेवटी येते आणि ती सैल झाली तर सगळी टोपी डोळ्यांवर उतरते. खालून वर जा. मफलर केलाय म्हणजे यातलं अर्धं तुम्हाला येतंच.

आईच्या डोक्याचा घेर कपाळावरून, कानांच्या वरून मोजा, अंबाडा सोडून. पट्टी त्याहून ४-५ सेंमी कमी हवी, कारण ती ताणली जाते. ५ मिमीच्या सुईने ९ साखळ्या घाला, दुसऱ्या साखळीपासून ८ मुके खांब. उलटून १ साखळी, आणि पुढच्या सगळ्या ओळी टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून विणा. टाक्याच्या माथ्यावर दोन धागे दिसतात, त्यातला तुमच्यापासून लांबचा. त्याने उभ्या रेघा पडतात आणि पट्टीला रबरासारखा ताण येतो. लांबी पुरली की दोन टोकं जोडून कडं करा.

मग कड्याच्या कडेने प्रत्येक ओळीमागे एक मुका खांब. आता ६ मिमीची सुई घ्या आणि अर्धे खांब. पहिल्याच फेरीत टाके वाढवा, नंतर कुठेही नाही. टोपी लोंबते ती या फरकामुळे: पट्टी डोक्याहून लहान, टोपीचं अंग (पट्टीच्या वरचा भाग) डोक्याहून ८-१० सेंमी मोठं, आणि वीण मऊ. लहान सुईने घट्ट विणलेली टोपी कितीही उंच केली तरी ती ताठ उभी राहते, मागे पडत नाही. म्हणून सुई बदलायचा कंटाळा करू नका.

किती टाके वाढवायचे ते मी इथून सांगणं बरोबर नाही, प्रत्येकाचा हात वेगळा. ६ मिमीने अर्ध्या खांबाचा तळहाताएवढा तुकडा विणा, १० सेंमीत किती टाके बसतात ते मोजा आणि इथे लिहा.

धागाकर्ती

दोघांचेही आभार! हातात काही खोट आहे असं वाटत होतं, ते ओझं उतरलं. आईच्या डोक्याचा घेर ५५ सेंमी. पट्टी ५० सेंमी झाली, तिच्या ७० ओळी. तुकड्यात १० सेंमीला १३ अर्धे खांब बसले.

दुसरा प्रतिसाद

म्हणजे कडेने ७० टाके येतील. अंगाला ६४-६५ सेंमी घेर धरू, त्याला ८४ टाके लागतात, म्हणजे १४ वाढवायचे. चार टाक्यांत एकेक, पाचव्यात दोन, असं फेरीभर.

फेरी स्लिप स्टिचने (फक्त जोडायला घेतात तो चपटा टाका) जोडत असाल तर सुरुवातीची साखळी टाका म्हणून धरू नका आणि पहिला अर्धा खांब तिच्या बुडाशीच घाला. नवशिक्यांचा एक टाका इथेच गळतो किंवा वाढतो, आणि दहा फेऱ्यांनी टोपी तिरकी दिसते. पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा.

पट्टी धरून एकूण २५ सेंमी उंची झाली की टोपी आईला घालून बघा, अंबाड्यासकट. अंबाड्यावर दोन बोटं मोकळी सरकली पाहिजेत. नाहीतर अजून दोन-तीन फेऱ्या. मग पूर्ण फेरी दोनाचा एक करत ४२, पुढच्या फेरीत २१. दोरा हातभर ठेवून कापा, जाड सुईने उरलेल्या टाक्यांतून ओवून ओढा, वरचं भोक मिटेल. ८४ टाके तसेच ओढू नका, डोक्यावर गाठोडं येतं.

धागाकर्ती

अंगाच्या सहा फेऱ्या झाल्या, दर वेळी ८४ भरले. वीण हातात मऊ लागतेय! एकच विचारायचं राहिलं. लोकर अॅक्रिलिक आहे, शेवटी इस्त्री फिरवली तर चालेल का?

पहिला प्रतिसाद

नको. अॅक्रिलिक उष्णतेने चपटं पडतं आणि ताण कायमचा जातो, पट्टी तर वायाच जाईल. कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट वाळवा. दोऱ्याची टोकं त्याआधी आतल्या बाजूने ओवून घ्या, एकदा डावीकडे आणि मग उलटून उजवीकडे, म्हणजे निसटत नाहीत.