अ‍ॅम्प नसेल तर दारातले स्पीकर बदलूच नयेत?

चौथा गिअर:
जुन्या गाडीवरच्या चर्चेत कुणीतरी ठासून लिहिलंय, "वेगळा अ‍ॅम्प बसवणार नसाल तर दारातले स्पीकर बदलणं म्हणजे पैसे पाण्यात." वाचून राहवलं नाही. माझी गाडी 19 वर्षांची. पुढच्या दाराचं पॅनेल काढलं, तर स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याभोवतीची, म्हणजे कोनाभोवतीची, फोमची कड बोट लावताच भुगा होऊन गळाली. तिथे आवाजाची ताकद वाढवणारा अ‍ॅम्प काय करणार? साधे 6.5 इंची कोअ‍ॅक्सियल (मोठ्या कोनाच्या मधोमध छोटा स्पीकर असलेले) आणले, आहे त्याच स्टिरिओला जोडले, गाण्यातले शब्द परत कळायला लागले. घेताना फक्त सेन्सिटिव्हिटी बघितली, म्हणजे ठरावीक ताकदीवर स्पीकर किती मोठा वाजतो ते. 3 डेसिबल जास्त असेल तर तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. कमी पैशात फरक पडतो तो इथेच.

खणखणीत:
ते वाक्य माझं, आणि तुम्ही अर्धंच उचललंत. पुढची ओळ होती, "खोक्यावर 300 वॉट छापलेले बघून घेऊ नका." ते 300 पीक असतात, क्षणभराचे. खरा आकडा आरएमएस, म्हणजे सलग पेलणारी ताकद. स्टिरिओवरही 50 गुणिले 4 लिहिलेलं असतं, मिळतात चॅनलमागे, म्हणजे एका स्पीकरला, 15 ते 20 वॉट. जड कोनाचा स्पीकर तेवढ्यावर हलत नाही, मग माणूस व्हॉल्यूम पिळतो, आवाज फाटतो आणि ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, जळतो. अशी जळकी जोडी माझ्याकडे अजून पडून आहे.

सोल्डरवाला:
दोघंही विकत घेण्यावरच भांडताय. कड गेली म्हणून स्पीकर मेला का? नुसती कड मिळते. जुना गोंद खरवडायचा, कोनामागची तारेची कॉइल मधोमध राहील असं बघून नवी चिकटवायची, दिवसभर वाळू द्यायची. मी चारही असेच उठवले. आणि आधी मोजा तरी! 4 ओहमचा धडधाकट स्पीकर मल्टीमीटरवर साडेतीनच्या आसपास दाखवतो. माझ्या भावाने नवी जोडी बसवली तरी एक दार मुकंच. वायर तुटली होती बिजागरीजवळच्या रबरी नळीत, दार उघडून-मिटून.

खिडकीची सीट:
दाराच्या आतल्या प्लास्टिकबद्दल कुणीच का बोलत नाही? काचेवरून ओघळलेलं पाणी दारात उतरतं, ते खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते गाडीच्या आत येऊ नये म्हणून हे प्लास्टिक. माझ्या गाडीत ते स्पीकरच्या मागे खिशासारखं वळवलेलं होतं. काचेची मोटर बदलणाऱ्याने टरकावलं, परत लावलंच नाही. एका पावसाळ्यात नव्या स्पीकरची कॉइल गंजून अडकली, पायाखालचा गालिचा कुजला. चौथा गिअर, तुमचं मॅग्नेट जुन्यापेक्षा मोठं असणार. तो खिसा कापलात का?

खणखणीत:
प्लास्टिक काढूनच टाका. ते फडफडतं. ब्युटिलच्या, म्हणजे चिकट रबराच्या, शीटने आतल्या पत्र्याची सगळी भोकं बंद करा. दार हीच स्पीकरची पेटी. ती गळकी असेल तर कोनाच्या मागचा आवाज पुढे येऊन बेस खातो.

खिडकीची सीट:
आणि पुढच्या वेळी काच अडकली की? ते काळं चिकट ओरबाडत बसायचं?

खणखणीत:
ताई, तुमची काच अडकते म्हणून सगळ्यांनी फडफड ऐकायची का?

खिडकीची सीट:
माझी काच नाही, माझा गालिचा गेलाय. कुजक्या वासात महिनाभर गाडी चालवून बघा, मग बेसबद्दल बोला.

सोल्डरवाला:
ब्युटिलने काम होतं, मान्य. पण माझ्याकडे असंही दार आलंय ज्यात पठ्ठ्याने तळाची भोकंसुद्धा बुजवली होती. पाणी साचून दाराची खालची कड आतून सडली. स्पीकरच्या नादात दार बदलावं लागलं.

खणखणीत:
तळाला लावा असं मी कुठे म्हटलं? बरं, मोटरसमोरचं मोठं भोक स्क्रूच्या झाकणाने बंद करा, म्हणजे उघडता येईल. एवढं ताईंचं बरोबर आहे.

चौथा गिअर:
स्पीकर बदलावे की नाही, हे विचारलं होतं. धागा गालिच्यावर गेला.

खिडकीची सीट:
खिसा कापलात का, एवढंच सांगा.

चौथा गिअर:
आत्ता पॅनेल उतरवलं. हो, कापलाय. मॅग्नेट बसत नव्हतं. त्याच्या कडेला पाण्याचे डाग आहेत, अजून गंज नाही. शिवाय डाव्या दाराच्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. दीड व्होल्टचा सेल टेकवून बघितलं: उजवा कोन बाहेर येतो, डावा आत जातो. बेस गायब का, ते कळलं. वायरी सुलट केल्या. पण अ‍ॅम्प लागत नाही, हे माझं म्हणणं कायम आहे. सोल्डरवाला, खिशाला जाड प्लास्टिक जोडायचं तर कोणती चिकटपट्टी ओलीतही टिकते?

सोल्डरवाला:
ब्युटिलचीच. पत्रा आधी स्पिरिटने पुसा, आणि खालची कड दाराच्या आत सोडा, बाहेर नको.