मदत हवी आहे: नर्सिंग होमच्या तपासणीचं रेकॉर्ड कुठं बघायला मिळतं?

मंडळी, आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, आता पुढं महिनाभर कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका नर्सिंग होममध्ये ठेवायचं चाललंय. डॉक्टर चांगले आहेत, प्रश्नच नाही, पण काल बघायला गेलो तर मागच्या जिन्यात गाद्या आणि ऑक्सिजनची सिलिंडरं रचलेली, आग लागली तर पेशंट उतरवणार कुठनं? १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याचं रजिस्ट्रेशन भिंतीवर हाय, पण फायरचा फॉर्म बी, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, जो दर जानेवारी-जुलैत द्यावा लागतो, तो मागितला तर काउंटरवरनं "साहेबांना विचारा". महापालिकेच्या आरोग्य विभागात तपासणीचा रिपोर्ट साध्या अर्जावर दाखवतात का माहिती अधिकारच टाकायला लागतो? फायर ब्रिगेडला वेगळं विचारायचं का? कुणी केलं असेल तर सांगा राव, शनिवारपर्यंत ठरवायचंय.